बोरटाकळीची जागा

सत्काराचं जेवण रविवारी दुपारी लातूरला होतं आणि लुंबिनीनं दाखल्यावर अजून सही केली नव्हती. मुरुडहून निघालेल्या एस.टी.त ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पर्समध्ये शाळेचा शिक्का होता आणि घडी घातलेला एक कागद. कुमारी बुद्धप्रिया आनंदराज सोनकांबळे हिने तिसरी, चौथी आणि पाचवी या इयत्ता जिल्हा परिषद शाळा, बोरटाकळी येथे नियमित हजर राहून पूर्ण केल्या, असं त्यावर टाईप केलेलं होतं. खाली प्रभारी मुख्याध्यापकाच्या सहीची जागा कोरी होती. प्रभारी मुख्याध्यापिका लुंबिनीच होती. आणि बुद्धप्रिया तिची सख्खी भाची, थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. ती बोरटाकळीला सगळी मिळून दोनदा आली होती. एकदा हुरडा खायला आणि एकदा परीक्षेच्या फॉर्मसाठी.

तीन वर्षांपूर्वी आनंदराजनं फोन केला होता तेव्हा गोष्ट फार छोटी वाटली होती. नवोदयच्या परीक्षेत चारातल्या तीन जागा खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्या पोरांच्या असतात. लातूरच्या शाळेतून बसवलं तर शहरातल्या मोजक्या जागांसाठी हजारोंशी झुंज. तुझ्या पटावर नाव राहू दे, अभ्यास आम्ही इथं क्लासला करून घेतो, एवढंच त्याचं म्हणणं. लुंबिनी दोन दिवस नाही म्हणाली. मग बिलोलीहून मायनं फोन केला, भावाचं एवढं काम कर म्हणून. शिवाय शाळेचा पट विसाच्या आत-बाहेर होत होता, शाळा बंद व्हायची भीती होती. ते एक नाव शाळेलाही हवंच होतं. लुंबिनीनं हजेरीपटावर चौदाव्या नंबरला भाचीचं नाव लिहिलं आणि तीन वर्षं तिला रोज हजर मांडलं.

परीक्षा बुद्धप्रियानं खरोखरच गाजवली. ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर प्रश्न बरोबर. निवड राखीव यादीत नाही, ग्रामीण विभागाच्या खुल्या यादीत. आणि त्याच खुल्या यादीच्या प्रतीक्षेत पहिलं नाव होतं गौसियाचं.

गौसिया बोरटाकळीचीच. तिचा बाप जिलानी फाट्यावर वेल्डिंगचं काम करायचा. लुंबिनीच्या नऊ वर्षांत तिच्या शाळेतलं मूल इतक्या जवळ कधी गेलं नव्हतं. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाप-लेक मोबाईल घेऊन शाळेत आले. जिलानीला एवढंच विचारायचं होतं, की पहिल्या नंबरवर आहे म्हणजे आशा धरायची का. कोणी जागा सोडतं का. लुंबिनीनं सांगितलं, कधी कधी सोडतात. तेवढ्यात गौसियानं यादीवर बोट ठेवलं.

"बाई, ह्या पोरीच्या म्होरं आपल्या शाळेचं नाव हाय. बुद्धप्रिया म्हणून. ही कोण हाय? आपल्या वर्गात तर न्हाई."

लुंबिनीनं काहीतरी उत्तर दिलं, काय ते तिला नंतर आठवेना.  जिलानीनं मोबाईल खिशात ठेवला आणि मुलीला घेऊन गेला. त्याला कळलं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. त्या दिवसापासून लुंबिनीला जेवण जात नव्हतं.

लातूरच्या घरात येसर आमटीचा वास दारापर्यंत आला होता. विशाखा, आनंदराजची बायको, सकाळपासून स्वयंपाकघरातच होती. नणंद आत आली, चप्पल काढून सरळ ओट्यापाशी उभी राहिली आणि पाणीसुद्धा न मागता भात बघू लागली, तेव्हाच विशाखानं ओळखलं.

"सही नाही केली ना, ताई?" तिनं हळूच विचारलं.

लुंबिनीनं नकारार्थी मान हलवली.

विशाखाला राग यायला हवा होता. आठवडाभर तिनं स्वतःला तसं बजावलंही होतं. पण तिला आत कुठंतरी हलकं वाटलं आणि तेच तिला कुणाला सांगता येईना. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता, आनंदराजच्या अक्षरात. सोमवारी कागदपत्रांची पडताळणी होती, तिथं मुलांना तोंडी विचारतात असं त्याला कुणी सांगितलं होतं. शाळेत किती खोल्या? चार. अंगणात कोणतं झाड? कडुलिंब. खिचडी कोण शिजवतं? मलप्पाची बायको. विशाखा रोज संध्याकाळी मुलीकडून ते पाठ करून घेत होती. एका संध्याकाळी मुलीनं विचारलं होतं, "आई, आपलं हे घर आहे म्हणून सांगायचं नाही ना?" त्यावर विशाखानं कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला होता.

जेवण आधी नीट पार पडलं. लुंबिनीचे आई-वडील, मारोती आणि सरजाबाई, बिलोलीहून पहाटेच्या गाडीनं आले होते. शहात्तर वर्षांच्या मारोतींनी नातीला शाल दिली आणि तिच्याकडून त्रिशरण म्हणवून घेतलं. मग पिशवीतून त्यांनी निवड यादीचं पान काढलं. ते त्यांनी बिलोलीत लॅमिनेट करून घेतलं होतं. पंचायत समितीत पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागदाची किंमत माहीत होती. वाचनालयात, चहाच्या टपरीवर, जुन्या हाफिसात, सगळीकडे त्यांनी ते दाखवून आणलं होतं.

जेवणं झाल्यावर आनंदराजनं बहिणीपुढे हात केला. "दे दाखला. उद्या दहाला जायचंय."

"मी सही नाही करणार, दादा," लुंबिनी म्हणाली.

विशाखानं मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार ओढून घेतलं.

आनंदराज आधी ओरडला नाही. तो सरकारी खात्यात अभियंता होता, मुद्दे मांडायची त्याला सवय होती. त्यानं सांगितलं, की क्लासमधल्या निम्म्या पोरांची नावं अशीच कुठल्या ना कुठल्या खेड्यात आहेत, डॉक्टरांची, दाळमिलवाल्यांची. त्यांनी केलं तर हुशारी आणि आपण केलं तर पाप का? खेडं आणि शहर ही रेघ तरी कुणी ओढली? मुरुडसारख्या बाजारपेठेत बंगल्यात राहणाऱ्याचं पोरगं ग्रामीण ठरतं आणि इथं मिलमागच्या एका खोलीत राहणाऱ्या हमालाचं पोरगं शहरी ठरतं. असला नियम पाळून कुणाचं भलं होणार? आणि पेपर तर पोरीनंच सोडवला ना?

यातलं बरंचसं लुंबिनीलाही पटत होतं, आणि तिनं ते कबूल केलं. रेघ वाकडी आहे, ती म्हणाली. हमालाच्या पोरासाठी भांडायचं असेल तर मी तुझ्यासोबत येते, अर्ज मी लिहिते. पण आपण हमाल नाही. आपल्याकडे क्लास आहे, गाडी आहे, पोरीला वेगळी खोली आहे. माझ्या शाळेत गणिताला स्वतंत्र शिक्षक नाही. पाचही इयत्ता आम्ही दोघं शिकवतो. त्यातून एक मूल वर आलं आणि त्याच्या पुढे माझ्याच हातानं लिहिलेलं नाव उभं आहे.

"पेपर बुद्धप्रियाचा आहे, दादा. जागा तिची नाही."

आनंदराजनं वडिलांकडे पाहिलं. घरात असं काही झालं की मारोती नेहमी नियमाच्या बाजूला उभे राहत. आनंदराजच्या नोकरीच्या वेळी ओळखीतल्या साहेबाला एक शब्द टाका म्हणून सगळ्यांनी विनवलं होतं, तरी ते हलले नव्हते. तेव्हा दोघं बाप-लेक वर्षभर बोलत नव्हते. त्यामुळं आज आबा काय म्हणतील हे लुंबिनी धरूनच चालली होती.

"सही कर, बाई," मारोती म्हणाले.



"आबा, तुम्ही म्हणताय हे?"

"मी म्हणून राहिलो." त्यांनी लॅमिनेट केलेलं पान गुडघ्यावर ठेवलं होतं. "पस्तीस वर्षं त्या हाफिसात मी सगळ्यात आधी जाऊन बसलो. एक बी फाईल माझ्याकडं आडली न्हाई. तरी लोकं म्हणायचे, ह्यो फुकटच्या जागेवरचा. दुसऱ्याचा हक खाऊन बसला. तोंडावर म्हणायचे, चहा पिता पिता. मी कधी उलटून बोललो न्हाई. आता नातीचं नाव खुल्या यादीत आलं. मी ते पान त्या लोकांना दाखवून आलो. आता कोणत्या तोंडानं सांगू, की परत दिलं म्हणून?"

लुंबिनीला रडू आलं, पण ती मागे सरली नाही. ती म्हणाली, आबा, ते लोक खोटं बोलत होते. तुमची जागा तुमचीच होती, तुमच्यासाठीच ठेवलेली होती, आणि तुम्ही ती कष्टानं भरून काढली. पण ही जागा खरंच दुसऱ्याची आहे. जे आपण कधीच केलं नाही त्याचे टोमणे तुम्ही ऐकलेत. आता ते खरं करून दाखवायचं का?

 सरजाबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"तिला कशापायी बोलता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ती नगं म्हणत होती. म्याच फोन केला तिला. लेकाचं काम व्हावं म्हणून लेकीला खोट्यात घातलं. तिची नोकरी गेली असती तर कुणी भरून दिली असती? तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझं चुकलं."

पन्नास वर्षांच्या संसारात सरजाबाईंनी आपलं चुकलं असं चारचौघांत म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आनंदराज उठून खिडकीपाशी गेला. आई त्याच्या बाजूनं असणार, हे त्याला विचारायचीही गरज वाटली नव्हती.

तेव्हा आतलं दार उघडलं. बुद्धप्रियाच्या हातात फ्रिजवरचा तो कागद होता. ती कधी स्वयंपाकघरातून तो घेऊन आत गेली होती, कुणाला कळलं नव्हतं. तिनं आत्याकडे बघितलं.

"आत्या, यात शेवटचा प्रश्न आहे. तुझी जवळची मैत्रीण कोण? त्याचं उत्तर गौसिया लिहिलंय. माझ्या खाली तिचंच नाव आहे का?"

आनंदराजला ते आठवलं. महिन्यापूर्वी त्यानं बहिणीला सहज फोनवर विचारलं होतं, वर्गात हुशार मुलगी कोणती. लुंबिनीनं कौतुकानं नाव सांगितलं होतं. हा कागद करताना त्यानं ते नाव उतरवलं होतं आणि विसरून गेला होता.

"हो," लुंबिनी म्हणाली. "तीच."

"मी रोज म्हणते. माझी जवळची मैत्रीण गौसिया. आम्ही पहिल्या बाकावर बसतो. माझं घर मारुतीच्या देवळाच्या मागं आहे." ती एका सुरात म्हणत गेली, क्लासमध्ये पाढे म्हणावेत तशी. "माझे बाबा शेती करतात."

"बास कर, बाळा," मारोती म्हणाले.

 त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि गुडघ्यावरचं पान उलटं करून बाजूला ठेवलं. बाप जिवंत समोर उभा असताना आपली नात बाप दुसराच सांगते, आपलं घर दुसरंच सांगते, हे त्यांनी ऐकलं होतं. आपण कोण आहोत ते लपवायचं नाही, हे या घरात त्यांनीच शिकवलं होतं. लपवलं असतं तर पस्तीस वर्षं सोपी गेली असती, आणि त्यांनी लपवलं नव्हतं.

"तू हुशार हायस," ते तिला म्हणाले. "ते कुणाला दाखवायला कागद लागत न्हाई. मला येड लागलं होतं."

मग त्यांनी लुंबिनीकडे पाहून फक्त मान डोलावली. लुंबिनीनं पर्समधला दाखला काढून फाडला नाही की काही नाही. तो तिनं सतरंजीवर, सगळ्यांच्या मधोमध ठेवला, तसाच कोरा.

आनंदराज गॅलरीत एकटाच उभा राहिला. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि बाया हंडे लावत होत्या. त्याला जाणवत होतं की आता घरातलं कोणीच त्याच्या बाजूला नाही. थोड्या वेळानं विशाखा येऊन शेजारी उभी राहिली. आता ही समजूत घालणार, असं त्याला वाटलं.

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्हाला राग आला तर येऊ द्या. आठ दिवस मी पोरीला खोटं बोलायला शिकवतेय आणि ती चुकली की तिला रागवतेय. आता उद्या मला ते करायचं नाही."

 मग त्यानं बायकोला सांगितलं, की निकाल लागल्यापासून त्यालाही झोप नाही. ऑफिसात फोन वाजला तरी वाटतं, कुणीतरी तक्रार केली. लुंबिनी निलंबित झाल्याचं तो रोज मनात बघतो. सही झाल्यावर हे थांबेल असं तो स्वतःला सांगत होता.

"थांबलं नसतं," विशाखा म्हणाली.

आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं मुलीपुढे बसून तिला विचारलं, तुला फार वाईट वाटेल का. बुद्धप्रियानं विचार केला. वाईट तर वाटेल, ती म्हणाली. तिथलं मैदान तिनं फोटोत बघितलं होतं. मग तिनं विचारलं, परत परीक्षा देता येते का. लुंबिनीनं सांगितलं, येते, आठवीत असताना, नववीसाठी. तेव्हा लातूरच्या नावावर दे.

"मग तोवर मी शाळेत जाणार का? खऱ्या शाळेत? गॅदरिंग असतं तसल्या?"

तीन वर्षं ती सकाळी सातपासून क्लासलाच जात होती. इतर मुलं शाळेत जातात हे ती रिक्षातून बघत असे. आनंदराजनं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

सोमवारी दहा वाजता भाऊ-बहीण दोघंही नवोदयच्या कार्यालयात गेले. आम्ही शहरात राहतो, मुलगी गावातल्या शाळेत शिकलेली नाही, जागा सोडत आहोत, असं आनंदराजनं स्वतः लिहिलं होतं. लुंबिनीनं तीन ओळी सुचवल्या होत्या, त्यानं पान भरून लिहिलं. टेबलामागच्या माणसानं सगळं वाचलं, एकदा दोघांकडे बघितलं, आवक क्रमांक टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढ्यावरच काम झालं. बाहेर आल्यावर आनंदराज पायरीवर बसून राहिला. आपल्याला कुणी ओरडेल म्हणून तो तयारी करून आला होता.

मंगळवारी लुंबिनीनं जिलानीला शाळेत बोलावलं आणि गौसियासमोर सगळं सांगितलं, हजेरीपट उघडून. जिलानीनं पटावरचं चौदाव्या नंबरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच समजलं होतं, बाई. तुमच्या माहेरचं आडनाव मला ठाव हाय. तक्रार करावी का, ह्याच्यावर घरात चार दिवस बोलून राहिलो. पण माझ्या पोरीला तुम्हीच शिकवलं." गौसियानं विचारलं, ती बुद्धप्रिया रडली का. लुंबिनी म्हणाली, थोडी रडली, मग नव्या शाळेचं दप्तर आणायला गेली.

राहिलं होतं ते लुंबिनीचं स्वतःचं. गुरुवारी ती लातूरला गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर लेखी कबुली घेऊन गेली. आनंदराज सोबत होता. नाव घालायला मी भाग पाडलं, असा जबाब त्यानं न विचारता दिला. अधिकारी म्हणाले, चौकशी लागेल, ठपका येईल, कदाचित बदलीही. आपणहून आलात म्हणून निलंबनाची शिफारस मी करणार नाही. लुंबिनीनं सही केली. 

बाहेर रणरणतं ऊन होतं. दोघं बसस्टँडवर आले तेव्हा आनंदराज म्हणाला, "मी येतो तुझ्यासोबत. मला ती शाळा बघायचीय. झाड कडुलिंबाचंच आहे ना, की मी तेही चुकीचं लिहिलं?"

"कडुलिंबाचंच आहे," लुंबिनी म्हणाली. शाळा सकाळची होती, आता कुलूपच असणार, पण चावी तिच्याकडेच होती.

बार्शीच्या गाडीत दोघांना मागं जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडायच्या आत आनंदराजला झोप लागली. तोंड किंचित उघडं, डोकं आधी खिडकीवर आपटत होतं, मग बहिणीच्या खांद्यावर येऊन थांबलं. चाळीशी उलटलेला हा माणूस तिच्या अंगावर शेवटचा कधी झोपला होता, तिला आठवेना. बहुतेक बिलोलीहून नांदेडला जाताना, दोघं शाळेत असताना.

तिचा फोन वाजला. जिलानी होता.

"बाई, आत्ता फोन आला. गौसियाचे कागद घेऊन सोमवारी बोलावलंय. नाव लागलं."

"छान झालं, जिलानीभाई," ती म्हणाली.

"बाई, आवाज येईना. काहून इतकं बारीक बोलून राहिल्या?"

"शेजारी माझा भाऊ झोपलाय."

"बरं, बरं. झोपू द्या त्याला." आणि मग तिकडं फाट्यावर, वेल्डिंगच्या दुकानात उभा असलेला जिलानीही आवाज बारीक करून बोलू लागला. कोणते कागद लागतील, किती झेरॉक्स काढू, पोरगी सकाळपासून जेवली नाही, तिची आई शेजारणीला मिठी मारून बसली आहे, हे सगळं त्यानं कुजबुजत सांगितलं. लुंबिनी ऐकत राहिली, खांदा न हलवता.

मुरुड आलं, बोरटाकळीसाठी इथंच उतरायचं होतं. कंडक्टरनं दोनदा नाव पुकारलं आणि त्यांच्याकडे बघितलं. आनंदराज गाढ झोपला होता. लुंबिनीनं दोन बोटं वर केली आणि पुढं हात दाखवला.

"ढोकीपर्यंत दोन द्या," ती हळूच म्हणाली.